न्यूयॉर्कचा पेटीवाला: सायलेंट कॉमेडी वॉच पार्टी कशी वाटली

मूकपट म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं निघतात, फाळके आणि चॅप्लिन, आणि तेही बहुतेकांनी बघितलेत ते टीव्हीवर, सगळे पळत सुटल्यासारखे आणि मागे कुठलंतरी सर्कशीचं म्युझिक चिकटवलेलं. त्यामुळे 'द सायलेंट कॉमेडी वॉच पार्टी'ची लिंक कोणी पाठवली तर दहापैकी नऊ जण उघडणारच नाहीत. उघडा.

बेन मॉडेल म्हणून न्यूयॉर्कचा एक पियानोवादक आहे, मूकपटांना साथ करणं हेच त्याचं काम. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं तेव्हा त्याने घरातूनच यूट्यूबवर हा शो लाइव्ह सुरू केला, जोडीला स्टीव्ह मासा हा इतिहासकार. स्टीव्ह आधी सांगतो हा नट कोण, ही कंपनी कुठली, मग फिल्म लागते आणि बेन वाजवतो. छोट्या छोट्या कॉमेड्या असतात, त्यात कधी नावही ऐकलेलं नाही असे नट, आणि सगळं फुकट. शो तेव्हा तिकडच्या रविवारी दुपारी तीनला असायचा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, थंडीत त्यांची घड्याळं मागे गेली की दीड. मालवणात त्या वेळेला कोण जागं नसतं, पण लॉकडाऊनमध्ये सकाळी उठून जायचं तरी कुठे होतं.

आता मुद्द्याचं. ज्याने दशावतार बघितलाय त्याला बेन काय करतो ते समजवायची गरज नाही. आमच्याकडे नाटकाची संवाद लिहिलेली वही नसते, नट रंगात आला की बोलणं लांबवतो, आणि बाजूला बसलेला पेटीवाला, पखवाजवाला, झांजवाला त्याच्या तोंडाकडे आणि पायाकडे डोळे लावून असतात, राजा तलवारीला हात घालायच्या आधीच पखवाज चढलेला असतो. इथे पियानो आहे एवढंच. पण दशावतारातला नट साथीदाराकडे बघून एक क्षण थांबू तरी शकतो, पडद्यावरचा माणूस शंभर वर्षांपूर्वीच काम उरकून गेलाय, तो काय थांबणार नाही, म्हणजे सगळी अॅडजस्टमेंट एकट्या वाजवणाऱ्याने करायची. माणूस धाडकन पडला की धाडकन वाजवायचं हे कोणीपण करेल. बेन बऱ्याच वेळा तिथे हात आवरता घेतो आणि पडायच्या आधीचं वाजवतो, तो माणूस कसा ऐटीत चाललाय ते, मग पडणं आपोआप विनोदी होतं. मला हे कळायला थोडे भाग जावे लागले आणि कळल्यावर मी फिल्म कमी बघायला लागलो आणि पियानो जास्त ऐकायला लागलो.

स्पीडचं पण तसंच. तेव्हा कॅमेऱ्याची दांडी हाताने फिरवायचे, सेकंदाला 16, 18, 20 फ्रेम, कधी किती ते कॅमेरामनच्या हातावर, आणि पुढे बोलपटांसाठी 24 ठरल्या, त्यामुळे जुनी फिल्म तशीच 24 ने चालवली की सगळे पळतात. पण गंमत अशी की कॉमेडीवाले कधी कधी मुद्दाम ती दांडी सावकाश फिरवायचे, म्हणजे पडद्यावर पळापळ वाढावी. ते मुद्दामचं कुठलं आणि चुकून झालेलं कुठलं हे ओळखून फिल्म लावावी लागते, आणि इथे ते ओळखून लावतात हे दिसतं.

आजी शेजारी बसून बघायची. तिचं मत: "मेलो कायएक बोलणा नाय, पण सगळा समाजता." मधल्या इंग्लिश पाट्या मात्र वाचून दाखवाव्या लागतात, पण आपल्याकडेही मूकपटांच्या काळात थेटरात पाट्या मोठ्याने वाचणारा माणूस असायचा, पेटी-तबला असायचा, म्हणजे आमच्या हॉलमध्ये तोच प्रकार, वाचणारा मी.

याच्या नादाने मी दुसरीकडचा एक तिकीटवाला ऑनलाइन शो पण घेतला, नाव सांगत नाही. फिल्म एकीकडून चालू आणि वादक दुसऱ्या गावातून व्हिडिओ कॉलवर. अर्ध्या सेकंदाचा फरक म्हणजे काय होतं ते तिथे कळलं, दार आपटून झाल्यावर मग तबला. वर त्या कॉलच्या अॅपला वाटतं माणसाच्या आवाजाशिवाय बाकी सगळा गोंगाट, त्यामुळे लांबवलेले सूर मधेच गिळले जायचे. हे सेटिंग बंद करता येतं, पण कोणी बघितलंच नाही. बेनकडे फिल्म आणि पियानो एकाच घरातून एकत्र निघतात, त्यामुळे आपलं नेट कितीही अडकलं तरी दोन्ही एकत्रच अडकतात. आणि नेट अडकतंच हो, जूनमध्ये वारा सुटला की आधी लाईट जाते मग टॉवर जातो, त्यात त्याचा काय दोष.

काही ठिकाणी म्युझिक आधी रेकॉर्ड करून फिल्मवर बसवतात. वाईट नाही ते. हिमांशू रॉय यांच्या 1928 च्या 'शिराझ'ला अनुष्का शंकरने 2017 मध्ये दिलेलं संगीत सुंदरच आहे. फक्त तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं आणि मला 'आता हा काय वाजवणार' याची चटक लागलीय.

खरं तर हे आपल्याकडे व्हायला पाहिजे. फाळक्यांचा 1919 चा 'कालिया मर्दन' आहे, त्यात कृष्ण म्हणजे त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी, सुरुवातीला नुसते तिच्या चेहऱ्याचे हावभाव आहेत, आणि पुढे नागाशी झुंज. कुडाळ-सावंतवाडीकडचा एक पेटीवाला आणि एक पखवाजवाला समोर बसवा, रियाझाची पण गरज नाही, ती झुंज त्यांनी आयुष्यभर वाजवलीय. कोणी केलं तर पैसे देऊन बघेन.

वॉच पार्टीचे जुने भाग यूट्यूबवर आहेत, लाइव्हची मजा नाही पण चुकतमाकत वाजवलेलं तसंच ठेवलंय त्यामुळे चालतं. नेट कमी असेल तर क्वालिटी 480 वर ठेवा, एवढ्या जुन्या प्रिंटला फार फरक पडत नाही, आवाज मात्र मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, पियानोची डावी बाजू, म्हणजे खालचे सूर, पूर्ण गायब होते. पोरं असतील तर मधली माहिती पुढे ढकला, कंटाळतात. मी ढकलत नाही, स्टीव्ह ज्या नटांबद्दल सांगतो त्यांच्याबद्दल दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार.