खाऱ्या पाण्यात एन्झाइम: खारफुटीतली बुरशी, अ‍ॅस्परजिलस की मीठप्रेमी जीवाणू?

एन्झाइम ज्या टाकीत वापरायचं तिथे मीठ किती असणार, हे आधी ठरवा. ते बनवणारा कुठला सूक्ष्मजीव निवडायचा ते त्यावरून बरंचसं ठरून जातं.

वापराच्या ठिकाणी मीठच नसेल तर अ‍ॅस्परजिलस नायगर ही बुरशी घ्या आणि मोकळे व्हा. स्टार्चचं ग्लुकोज करणाऱ्या ग्लुकोअमायलेजसाठी ती कित्येक दशकं कारखान्यांत राबते आहे, एन्झाइम पेशीबाहेर सोडते, आणि पुण्याच्या एनसीआयएमसारख्या (औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह) संग्रहातून तिचं कल्चर मिळतं. निव्वळ नावीन्यासाठी खाडीतला चिखल तुडवू नये.

मीठ १५ टक्क्यांच्या वर असेल तर हॅलोमोनाससारखे जीवाणू पाहा. एवढ्या मिठात उपरे जंतू फारसे तग धरत नाहीत, त्यामुळे निर्जंतुकीकरणाचा खर्चही घटतो. हॅलोआर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) आणखी खाऱ्यात जगतात, पण ते पेशीतच पोटॅशियम क्लोराइड साठवतात आणि त्यांची बरीचशी प्रथिनं मीठ कमी झालं की निकामी होतात. द्रावण पातळ करून वापरायचं असेल तर ते बाद.

उरला मधला पट्टा, समुद्राच्या साडेतीन टक्क्यांपासून साधारण दहापर्यंत. एंडोफाइटचा विचार इथे करावा. तिवर, कांदळ अशा खारफुटीच्या झाडांच्या पाना-फांद्यांच्या आत ही बुरशी रोग न करता राहते. पेशीत ग्लिसरॉलसारखी द्रव्यं साठवून ती स्वतःला सांभाळते, पण बाहेर सोडलेल्या एन्झाइमला मिठाशी थेट गाठ घ्यावी लागते. झाडाच्या ऊतींत वावरायचं तर पेक्टिन, सेल्युलोज फोडणंही जमावं लागतं. म्हणून पेक्टिनेज, सेल्युलेज, झायलनेज आणि लिग्निन व रंगद्रव्यं मोडणारं लॅकेज यांसाठी ती शोधण्यात अर्थ आहे. अल्कलाइन प्रोटिएज (क्षारीय द्रावणात प्रथिनं फोडणारं एन्झाइम) हवं असेल तर बॅसिलस हा जीवाणूच बरा, तो वाढतोही झपाट्याने.

मात्र बुरशी खाऱ्यात वाढली म्हणून तिचं एन्झाइम खाऱ्यात चालेलच असं नाही. लॅकेजचंच बघा. त्याच्या कामाची भिस्त तांब्याच्या अणूंवर असते, आणि क्लोराइड तिथेच जाऊन चिकटतं. सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या कामात साधं मीठ वापरतात किंवा ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट. सल्फेटचा लॅकेजला सहसा तेवढा त्रास होत नाही. त्यामुळे इचलकरंजीच्या एखाद्या प्रोसेस हाऊससाठी (कापड रंगवणाऱ्या कारखान्यासाठी) विचार करत असाल तर तिथे कुठलं मीठ पडतं ते आधी विचारा. निम्मा निर्णय तिथेच होईल. खाऱ्यात चालणारं लॅकेज मिळतच नाही असं नव्हे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत खारफुटीच्या कुजक्या लाकडावरच्या बुरशीने समुद्राच्या पाण्याच्या माध्यमात लॅकेज बनवलं आणि रंगीत सांडपाण्याचा रंग उतरवला. ती एंडोफाइट नव्हती, एवढं लक्षात ठेवा. कुजकं लाकूडही तपासायला हरकत नाही.

एंडोफाइटचे छुपे खर्च बरेच. पान सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन शेवटचं धुवण प्लेटवर लावून बघितलं नाही, तर पृष्ठभागावरचीच बुरशी एंडोफाइट म्हणून घरात येते. पुन्हा पुन्हा उपकल्चर केल्यावर, म्हणजे नव्या माध्यमावर वाढवत नेल्यावर, उत्पादन घसरू शकतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात साठे गोठवून ठेवा. हाती लागलेली बुरशी बऱ्याचदा अ‍ॅस्परजिलस किंवा फ्युजेरियमच निघते (गंमत आहे, पण खरं आहे). खाद्य उद्योगासाठी मग विषद्रव्यांची तपासणी आलीच. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि क्लोराइड टाक्यांच्या ३०४ स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतं. या दोन्ही कटकटी टाळायच्या तर समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या गव्हाच्या कोंड्यावर, ट्रेमध्ये वाढवणं स्वस्त पडतं.

कागदपत्रंही विसरू नका. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, नमुन्यांसाठी वन विभागाची परवानगी काढावी लागते. व्यावसायिक वापराला २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. संग्रहातलं कल्चर घेतल्यास निदान खाडीतली धावपळ वाचते.

तरीही मन दोलायमान असेल तर प्रत्येक उमेदवाराचं कच्चं एन्झाइम तुमच्याच प्लांटच्या गाळलेल्या पाण्यात २४ तास ठेवा आणि त्याच पाण्यात उरलेली क्रियाशीलता मोजा. साध्या बफरमधले आकडे दाखवून कुणी सूक्ष्मजीव विकायला आला तर त्याच्याकडूनही हीच चाचणी मागा.