व्हॅलासायक्लोव्हिर 500, आठ महिन्यांनंतर: गोळी चोख, पत्ता मात्र तीनचा

व्हॅलासायक्लोव्हिर ही गुप्तांगावरच्या हर्पीसवरची गोळी. गोळीबद्दल तक्रार नाही, तक्रार पत्त्याची, म्हणजे तीनच गोळ्यांच्या स्ट्रिपची आहे. परवा इथे इंदूरात एका मेडिकलवाल्याने पत्त्यातल्या दोन गोळ्या कात्रीने कापून दिल्या आणि बॅच नंबर-एक्सपायरीचं टोक स्वतःकडेच ठेवलं. वर "इतनी जल्दी थोड़ी एक्सपायर होती है" हेही ऐकवलं. हातात उरला चंदेरी तुकडा, त्यावर औषधाचं नाव अर्धंच: 'क्लोव्हिर'. अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर, तिन्ही नावं तिथेच संपतात आणि तिघांचे डोस वेगळे. असा तुकडा सहा महिन्यांनी कपाटात सापडला तर तो काय म्हणून गिळायचा?

गुप्तांगावरचा हर्पीस मुळातून जात नाही, विषाणू माकडहाडाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि गोळी फक्त त्याची वाढ थांबवते, हे इथवर आलेल्यांना माहीत असणार. म्हणून थेट हिशोबाकडे.

पहिल्यांदा फोड येतात तेव्हाचा कोर्स मोठा असतो: व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस. 1 ग्रॅमची गोळी घेतली तर सात दिवसांच्या 14 गोळ्या होतात, म्हणजे तीनचे पाच पत्ते आणि एक गोळी शिल्लक. दहा दिवसांच्या 20, म्हणजे सात पत्ते आणि पुन्हा एक शिल्लक. हर्पीस परत उठला की 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. आपल्याकडे चिठ्ठीवर बहुतेक पाच दिवस लिहिलेले असतात. दहा गोळ्या, चार पत्ते, दोन शिल्लक. दर वेळी वरच्या गोळ्यांचे पैसे. तीनचा पत्ता ही गिऱ्हाइकाच्या खिशाला लावलेली कात्री आहे, असं माझं पहिल्या तीन महिन्यांचं ठाम मत होतं.

ते मत अर्धं मागे घ्यावं लागलं. पुन्हा उठलेल्या हर्पीससाठी 500 ची गोळी दोनदा, फक्त तीन दिवस, हा कोर्सही सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. सहा गोळ्या, बरोब्बर दोन पत्ते. डॉक्टरांना विचारलं तर बऱ्याच जणांचं काम यात भागतं. स्वतःच्या मनाने मात्र पाचाचे तीन करू नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जास्त दिवस आणि वेगळा डोस लागतो.

आणि त्या शिल्लक दोन गोळ्या, ज्यांच्यावर एवढी चिडचिड केली, त्याच सगळ्यात कामाच्या निघाल्या. या औषधाचा अर्धा गुण वेळेत आहे. फोड येण्याआधी काही तास, कधी एक-दोन दिवस, त्या जागी मुंग्या येतात, जळजळतं, कुणाची मांडी किंवा ढुंगण ठणकतं. गोळी तेव्हाच, फार तर फोड दिसल्यापासून 24 तासांत सुरू व्हायला हवी. फोड फुटून खपली धरल्यावर सुरू केलेला कोर्स म्हणजे पाऊस थांबल्यावर उघडलेली छत्री. मुंग्या नेमक्या रविवारी रात्री येतात, तेव्हा ना डॉक्टर भेटत ना चिठ्ठी. घरात दोन गोळ्या असल्या की पहिला दिवस निभावतो, सकाळी बाकीच्या आणता येतात. अट एकच, त्यांच्यावर एक्सपायरी दिसली पाहिजे. म्हणून कोर्स संपवताना गोळ्या एक्सपायरीच्या टोकाच्या विरुद्ध बाजूने फोडत जायच्या. एवढ्याशा गोष्टीला सवय लावून घ्यावी लागते.

वर्षातून सहा-सात वेळा उठत असेल तर डॉक्टर रोजची गोळी सुचवतात: 500 ची एक, ठरल्या वेळी. पोह्यांआधी की नंतर, काही फरक पडत नाही. वारंवार उठणाऱ्यांमध्ये रोजच्या गोळीने उठण्याचं प्रमाण 70 ते 80 टक्के कमी होतं आणि हा आकडा अनुभवाशी जुळतो. वर्षात दहा किंवा जास्त वेळा उठत असेल तर 500 कमी पडते, तिथे 1 ग्रॅम लिहून देतात. 2004 साली छापून आलेल्या अभ्यासात, एकाला हर्पीस आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांत, रोजच्या 500 मुळे जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण 48 टक्के घटलं. निम्मं घटलं म्हणजे निम्मं उरलं. फोड नसतानाही विषाणू त्वचेवर येतोच, तेव्हा गोळी चालू असली तरी कंडोम सुटत नाही. वर्षाकाठी एकदा गोळी बंद करून पाहण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं, कारण काळाबरोबर हर्पीस आपोआपच कमी उठतो.

रोजच्या वापरात तीनचा पत्ता पुन्हा डोक्यात जातो. महिन्याचे दहा पत्ते! गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटावर वार छापलेले असतात, इथे काहीच नाही. चौथ्या दिवशी नवा पत्ता उघडताना आजची घेतली की नाही, हेच आठवत नाही. यावर बॉलपेनने उपाय होतो: प्रत्येक गोळीच्या मागच्या फॉइलवर तारीख. पेन दाबून चालवलं तर फॉइल फाटतं, तेव्हा हलक्या हाताने. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही.

काटकसरीने चालायचं असेल तर अ‍ॅसायक्लोव्हिर आहे. ते तोंडावाटे घेतलं तर जेमतेम 15-20 टक्के शरीराला मिळतं. त्यालाच व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडून केलेल्या व्हॅलासायक्लोव्हिरमधून साधारण 54 टक्के. म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिरच्या जास्त गोळ्या: रोजच्या वापराला 400 ची सकाळ-संध्याकाळ. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या कमाल किमतीला सरकारी लगाम आहे. दोनदा घेण्याची शिस्त असेल तर काम तेच होतं. पैसेच नसतील तर सरकारी रुग्णालयांतलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक आजारांचा दवाखाना गाठावा. तिथे हर्पीसच्या जखमांसाठी 'किट 5' हे औषधांचं लाल पाकीट फुकट मिळतं: अ‍ॅसायक्लोव्हिर 400, 21 गोळ्या, दिवसातून तीनदा, सात दिवस. हिशोब असा असावा. ना एक जास्त, ना एक कमी.

काउंटरवर दोन घोटाळे ठरलेले. पहिला, "पाँच टाइम खाना है". ही गोळी नागिणीलाही देतात आणि नागिणीत अ‍ॅसायक्लोव्हिर 800 दिवसातून पाच वेळा असतं. दुकानदाराच्या तोंडात तेच बसलेलं असतं. आपल्या चिठ्ठीवर जे आहे तेच खरं. (एक फायदाही आहे: घरात कुणी पत्ता पाहिला तर 'नागीण' म्हणून सुटका होते.) दुसरा घोटाळा मलमाच्या ट्यूबचा. गोळ्यांबरोबर ती सरकवली जाते, पण या जागी मलमाचा उपयोग नगण्य. ते पैसे वाचवा.

औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. पाणी कमी पडलं की त्याचे स्फटिक तिथे अडकू शकतात, आणि मे महिन्यात इंदूरच्या उन्हात पाणी कमी पडतंच. लघवी गडद दिसली की समजावं. दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने जोडू नये, त्याचाही भार मूत्रपिंडावरच. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं असेल, किंवा वय जास्त असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो. एरवी पहिले काही दिवस थोडं डोकं दुखणं, मळमळणं, इतकंच.

पहिल्याच वेळी ताज्या फोडाच्या पाण्याची पीसीआर (थेट विषाणू शोधणारी) तपासणी करून घ्यावी, सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसचीही. आयजीएम या प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) रक्ततपासणीवर पैसे घालू नयेत, तिच्यावरून नक्की काही ठरत नाही. दिवस गेले असतील तर हर्पीसची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. 36 व्या आठवड्यापासून गोळी सुरू करतात ती बाळंतपणाच्या वेळी फोड असू नयेत म्हणून. लघवी अडकली किंवा तापासोबत मान आखडली तर गोळ्या मोजत बसू नका, थेट दवाखान्यात जा.

राहिला कात्रीचा प्रश्न. सुट्या गोळ्या घ्याव्याच लागल्या तर एक्सपायरीचं टोक मागायचं. नाही दिलं तर पक्कं बिल मागायचं, त्यावर बॅच आणि एक्सपायरी दोन्ही येतात. ते बिल गोळ्यांच्या तुकड्यालाच रबराने गुंडाळून ठेवायचं. रोजची गोळी चालू असेल तर सरळ दवा बाजारात जाऊन महिन्याचे दहा पत्ते एकदम मागावेत. दहा पत्ते मागणाऱ्यासमोर कुणी कात्री काढत नाही.