पेपे ल मोको की ल सामुराई: पडद्यावर कोणाला जागा?

'पेपे ल मोको' (1937) हा फ्रेंच चित्रपट अल्जीरियाची राजधानी अल्जीयर्सच्या कसबात, म्हणजे तिथल्या जुन्या दाट वस्तीत घडतो. सुरुवातीलाच पोलीस तिथल्या रहिवाशांची यादी वाचतात: कबाइल (अल्जीरियातले बर्बर लोक), चिनी, माल्टीज, सिसिलियन. अरबांचं नावच नाही! वस्ती बहुतांशी स्टुडिओत उभारलेली. नायक पेपेची जिप्सी प्रेयसी इनेस, तिची भूमिका लीन नोरो या गोऱ्या फ्रेंच अभिनेत्रीकडे. म्हणजे गर्दी स्थानिकांची, चेहरे बाहेरचे.

'ल सामुराई' (1967) या फ्रेंच चित्रपटात गर्दी नाही, एकच व्यक्ती आहे: कॅथी रोझिएची कृष्णवर्णीय पियानोवादक. नाइटक्लबच्या कॉरिडॉरमध्ये मारेकऱ्याला ती समोरासमोर पाहते आणि ओळखपरेडीत 'हा तो नव्हे' म्हणते. सगळं कथानक तिच्या त्या उत्तरावर फिरतं. तिचं घर दिसतं, पण भूतकाळ, नातलग काहीच नाही. ही उणीव मोठीच. तरी प्रतिनिधित्वात मला हाच सरस वाटतो.