कारखान्याचा वास आणि आवाज: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत तक्रार-यंत्रणा वापरल्यावर

नागपुरात हिंगणा रोडला ले-आउटमध्ये राहतो. गच्चीवरून एमआयडीसीचे शेड दिसतात. एका कारखान्याचा वास आणि त्याच्याच ब्लोअरची (हवा फेकणाऱ्या मोठ्या पंख्याची) घरघर, यासाठी तक्रारीचं सरकारी पोर्टल, प्रत्यक्ष कार्यालय, माहिती अधिकार असं सगळं वापरून पाहिलं. कारखाना कोणता, कार्यालय कोणतं, ते सांगत नाही. यंत्रणेला माझे गुण: आवाजाला पाचपैकी चार, वासाला दीड.

आवाजाचं काम झालं, कारण तिथे आकडा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. औद्योगिक भागाला ७५ आणि ७०. म्हणून कार्यालयातल्या साहेबांचा पहिला प्रश्न, ‘तुमचा भाग कोणता?’ मंजूर ले-आउटचा नकाशा सोबत न्या, नाहीतर सगळं ७० वर अडतं. दुसरी गोष्ट, मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर तक्रारीचा हक्क, म्हणजे आपल्याकडे रात्री ५५. मोबाइलच्या अ‍ॅपचं रीडिंग त्यांनी धरलं नाही, पण मीटर घेऊन कधी यायचं ते त्यावरून ठरलं. रात्री मोजणी झाली, ब्लोअरला आवरण बसलं. विषय संपला.

वासाचं मात्र विचारू नका. नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय झोपून दाखवा, आणि कूलर तर बाहेरचीच हवा ओढतो. अकरा वाजले की घरभर सडक्या अंड्यांचा वास. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘लाइटबिल भरून वास घरात घेऊन राहिलो न आपण!’ तक्रार केली, तर पाहणी भर दुपारी, लू वाहत असताना. शेरा: ‘पाहणीवेळी दुर्गंधी आढळली नाही, तक्रार निकाली.’ पुन्हा केली. तेच वाक्य, तारीख तेवढी नवी.

अधिकाऱ्याची अडचणही खरी आहे. २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत बारा प्रदूषकं आहेत, त्यात अमोनिया आहे, पण सडक्या अंड्यांसारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड नाही. नाकाला तो अगदी थोडा असला तरी कळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची दुर्गंधीवर २००८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण नुसत्या ‘वास येतो’वर ओलांडली म्हणून दाखवायची मर्यादा कोणती?

वाट निघाली ती माहिती अधिकारातून. दहा रुपये भरून कारखान्याच्या संमतीपत्राची, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना चालवायला दिलेल्या परवानगीची, प्रत मागवली. त्यात स्क्रबर (बाहेर पडणारा वायू धुऊन साफ करणारं यंत्र) सतत चालू ठेवण्याची आणि गाळ उघड्यावर न साठवण्याची अट होती. मग तक्रारीतून ‘वास’ हा शब्दच काढला आणि लिहिलं, ‘अमुक क्रमांकाच्या अटीचा भंग, रात्री ११ ते ३’. सोबत ले-आउटमधल्या घरांनी ठेवलेली वेळ आणि वाऱ्याच्या दिशेची नोंदवही जोडली. त्यानंतर पहिल्यांदा कोणीतरी रात्री आलं. स्क्रबर बंद सापडला, नोटीस निघाली. वास कमी झाला. सुटीच्या आदल्या रात्री अजून येतो.

पोर्टलवरचा ‘निकाली’ शेरा वाचत बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाकडे, जायची मुदत तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने आहे, सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस. आपल्याला पुण्याचं खंडपीठ लागतं. अर्ज करण्याआधी संमतीपत्र हातात असू द्या.