आधी लेटरबॉक्सवर नाव: जर्मन टपालासोबतचे माझे अकरा महिने

शेजारच्या काकूंचा मुलगा पुढच्या महिन्यात नोकरीसाठी स्टुटगार्टला निघालाय. काल घरी आला आणि विचारलं, "ताई, सिमकार्ड कुठलं घेऊ?" मी म्हटलं, सिमकार्डाचं नंतर बघू. लेटरबॉक्सवर तुझं नाव कोण लावणार, ते आधी घरमालकाला विचार. त्याला वाटलं मी विषय बदलतेय. अकरा महिने तिथे काढून मी नुकतीच नाशिकरोडला सुट्टीवर आलेय, म्हणून जे त्याला सांगितलं तेच सगळ्यांसाठी लिहिते.

जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, घर क्रमांक, पाच आकडी पिनकोड, शहर. बस्स. एका इमारतीत बारा घरं असली तरी पत्र कोणाचं, हे पोस्टमन फक्त लेटरबॉक्सवरच्या आडनावावरून ठरवतो. आपल्याकडे "बिटकोजवळ, दत्त मंदिर रोड" एवढं लिहिलं तरी आमचे पोस्टमनकाका आईला हाक मारून पत्र देतात, कारण त्यांना माणसं ठाऊक असतात. तिथे नाव नसेल तर पत्र सरळ परत जातं, आणि नियम तसाच आहे. माझ्या घरमालकाने आधीच्या भाडेकरूची पट्टी काढलीच नव्हती. मी आठवडाभर रोज डबा उघडून बघायचे आणि रिकामा डबा बंद करायचे.

परत गेलेलं पत्र होतं करक्रमांकाचं. घराची नोंदणी झाली की हा अकरा आकडी क्रमांक केंद्रीय करखात्याकडून टपालाने येतो. फोनवर सांगत नाहीत, ईमेलवर पाठवत नाहीत. पुन्हा मागितला तरी पुन्हा पत्रच. आणि तो वेळेत कंपनीला दिला नाही, तर पगारातून सगळ्यात जड वर्गाचा कर कापला जाऊ शकतो. नंतर हिशेब होऊन पैसे मिळतात, पण नव्या देशात पहिल्या दोन महिन्यांत हातात पैसा किती लागतो, हे जो गेलाय त्यालाच कळतं. मी शेवटी स्वतः कागदावर आडनाव छापलं, पारदर्शक टेप लावून डब्यावर आणि खालच्या बेलवर चिकटवलं. त्यानंतर आजपर्यंत एकही पत्र चुकलं नाही.

कारण नाव लागलं की हे टपाल खरोखर भरवशाचं आहे. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, वेगवेगळ्या दिवशी. विम्याचं कार्ड. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र, महिन्याला १८ युरो ३६ सेंट, घरात टीव्ही असो वा नसो. पिवळं पाकीट आलं तर मात्र त्याच दिवशी उघडा. त्यावर पोस्टमन हाताने तारीख लिहितो, आणि मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही वाचलं कधी यावरून नाही. दंडाच्या नोटिशीला हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात.

आता फराळाच्या पार्सलबद्दल, कारण सगळे हेच विचारतात. बाबांनी जुन्या सवयीने खोका मांजरपाटात शिवला होता. फॉर्मवर आईने सामानाच्या रकान्यात नुसतं "भेटवस्तू" लिहिलं, किंमत लिहिलीच नाही. त्यामुळे मला कस्टमच्या ऑफिसातून पत्र आलं. तिथल्या बाईंनी माझ्या हातात कटर दिला आणि मला स्वतःलाच खोका उघडायला सांगितला. बाबांचे ते बारीक, सारख्या अंतराचे टाके मी त्यांच्यासमोर एकेक कापत होते आणि माझे डोळे भरून आले. चिवडा, चकल्या, मेतकूट परत खोक्यात गेलं. पेढे मात्र कस्टमकडेच राहिले, कारण युरोपियन युनियनच्या बाहेरून टपालाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ येऊच देत नाहीत. तेव्हा घरच्यांना बजावून सांगा: प्रत्येक पदार्थाचं नाव, वजन आणि किंमत वेगवेगळी लिहायची. खासगी माणसाने खासगी माणसाला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंतची असेल तर कर लागत नाही.

घरी नसलात तर पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून चिठ्ठी टाकतात. माझी बरीचशी पार्सलं खालच्या मजल्यावरच्या आजींनी घेतली, आणि माझं जर्मन बोलणं जे काही सुधारलं ते त्यांच्या दारात. एका कुरिअरने मात्र चिठ्ठीवर कोणत्या शेजाऱ्याकडे ठेवलं ते लिहिलंच नाही, मी चार दारं वाजवली. त्यानंतर पाकस्टात्सिओनची नोंदणी केली. रस्त्याकडेची पिवळी लॉकर्स असतात ती. नोंदणी फुकट, मोबाइलवरून कप्पा उघडतो, रात्री अकराला जा. फक्त डीएचएलचीच, म्हणजे जर्मन टपालाच्या पार्सल सेवेचीच, पार्सलं तिथे येतात, एवढं ध्यानात ठेवा.

पाठवणं त्याहून सोपं. टपाल कार्यालय म्हणून वेगळी इमारत शोधत बसू नका, बहुतेक वेळा ते किराणा दुकानाच्या नाहीतर पेपरवाल्याच्या काउंटरवरच असतं. देशातल्या साध्या पत्राला २०२५ पासून ९५ सेंट लागतात. आपल्याकडे रजिस्टर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. तिथे ते अजून स्वतंत्र आहे, आणि करार रद्द करायचा असेल तर मी तरी रजिस्टर केल्याशिवाय पाठवत नाही. तिकीट नसेल तर टपालाच्या ॲपवर पैसे भरले की एक कोड मिळतो. तो पेनने पाकिटाच्या कोपऱ्यात लिहायचा, वर 'पोर्टो' हा शब्द. झालं.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. त्यांची सगळी नोकरी इथल्या प्रेसमध्ये गेली. १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं नाशिकला छापली जातायत, माझा पासपोर्टही तिथलाच. मग म्हणाले, "आम्हाला पाठवशील तेव्हा तिकीट लावून पाठव." म्हणून दर महिन्याला मी काउंटरवर रांगेत उभी राहून तिकीट मागून घेते, आणि ते पाकिटासकट बाबांच्या वहीत जातं.

काकूंच्या मुलासाठी आज दुपारी आडनावाच्या दोन पट्ट्या छापून लॅमिनेट करून आणल्या. एक डब्याला, एक बेलला.