महिन्याची एम अँड एम की वॉर्डातली दहा मिनिटं?

रेसिडेंट म्हणजे शिकाऊ डॉक्टरांची नवी बॅच रुजू झाली की पेशंट सेफ्टी त्यांच्या अंगवळणी कशी पाडायची, हा प्रश्न विभागात दरवेळी निघतो. ऑनलाइन मॉड्यूलच्या विचारात असाल तर त्यात फार वेळ घालवू नका. व्हिडिओ पुढे पळवला जातो, प्रमाणपत्र फाइलला लागतं, विषय संपतो. खरी निवड उरते ती दोन गोष्टींत. एक, महिन्यातून एकदा सभागृहात भरणारी एम अँड एम (मॉर्बिडिटी अँड मॉर्टॅलिटी) मीटिंग, म्हणजे मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसवरची चर्चा. दुसरी, राउंडआधी वॉर्डातच उभ्याउभ्या दहा मिनिटं बोलायचं आणि काल कोणती चूक होता होता टळली ते सांगायचं. मी दोन्ही चालवून पाहिलंय.

एम अँड एमची बाजू तशी भक्कम आहे. एखादा मृत्यू मुळापासून समजून घ्यायचा तर पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी, भूल, सगळे एका खोलीत लागतात. ते वॉर्डात जमत नाही. परंपराही जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनचा सर्जन अर्नेस्ट कॉडमन प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते नोंदवा आणि चुका उघड मांडा, असा हट्ट धरून बसला होता. सहकाऱ्यांना ते फारसं रुचलं नाही, ते सोडा.

मला खटकत आलं ते एकच. केस मांडून होते न होते तोच पुढच्या रांगेतून विचारणा होते, "ड्यूटीवर कोण होतं?" नाव कळलं की सगळ्यांचं कुतूहल शमतं. त्या रेसिडेंटची मान खाली, शेवटच्या स्लाइडवर ‘संबंधितांना समज देण्यात आली’, आणि मग चहा. सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझनच्या भोकं पडलेल्या चीजच्या चकत्या दाखवलेल्या असतात (सुरक्षेच्या प्रत्येक थरात भोक असतं, सगळी एका रेषेत आली की अपघात होतो, दोष एकट्याचा नसतो), पण दहाव्या मिनिटाला सगळे एकाच भोकात बोट घालून बसलेले! मागे बसलेले नवे रेसिडेंट शिकतात ते एवढंच, की आपली केस स्लाइडवर जाऊ द्यायची नाही. पुढे केसपेपरवरच्या नोंदी जपून होऊ लागतात, पण पेशंटसाठी नव्हे, स्वतःच्या बचावासाठी. नावं वगळून पाहिली, अध्यक्षांना आधी सांगून पाहिलं, तरी तो प्रश्न कुठून तरी येतोच.

वॉर्डातल्या बोलण्यात तो सहसा येत नाही, कारण कुणाचं काही बिघडलेलं नसतं. एका सकाळी सिस्टरनी सांगितलं की रात्री अँटिबायोटिक विरघळवायला डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेत हात घातला आणि हाती आली पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल, जी तशीच शिरेत गेली तर हृदय बंद पडू शकतं. आकार तोच, काच तशीच. लेबल वाचलं म्हणून निभावलं. नुकत्याच आलेल्या एका रेसिडेंटने विचारलं, "पण ही वॉर्डात ठेवलीच कशाला?" तीव्र पोटॅशियम वॉर्डाच्या साठ्यात ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना २००७ पासून सांगतेय. त्याला ते ठाऊक नव्हतं, तरी प्रश्न बरोबर पडला. दुपारपर्यंत त्या ॲम्प्यूल फार्मसीत परत गेल्या. विचारलं की काहीतरी हलतं, हे त्याने पहिल्याच महिन्यात पाहिलं.

शिवाय अशा बऱ्याचशा गोष्टी ड्यूटी बदलताना घडतात, त्यामुळे बोलणं आपोआप हॅन्डओव्हरवर, म्हणजे पुढच्या ड्यूटीला पेशंटची माहिती सोपवण्यावर येतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आय-पास’ अभ्यासात नऊ रुग्णालयांतल्या बालरोग विभागांच्या रेसिडेंटना ठरलेल्या साच्यात हॅन्डओव्हर द्यायला शिकवलं, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या.

यातही खोट आहेच. पेशंटच्या कानावर जाणार नाही अशी जागा शोधावी लागते. सीनियर रजेवर गेले की चर्चा बंद पडते, आणि त्यांनी एकदा जरी कपाळाला आठ्या घातल्या तरी पुढचे कित्येक दिवस कुणी तोंड उघडत नाही. नुसता सोपस्कार व्हायलाही वेळ लागत नाही, चेकलिस्टचंच पाहा. सर्जरीची चेकलिस्ट आठ रुग्णालयांत वापरली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, हे २००९ साली छापून आलं. पुढे ओंटारिओत ती सरसकट लागू केली तर मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, हे २०१४ साली आलं. म्हणून सुरुवात सिस्टरनी करावी आणि एक वही ठेवावी, जिच्यात तारीख, काय टळलं आणि काय बदललं एवढंच लिहायचं.

तुमचे विभागप्रमुख शांत डोक्याचे असतील आणि तो प्रश्न जागच्या जागी थांबवत असतील, तर एकट्या एम अँड एमवरही भागेल कदाचित. मी मात्र पहिले सहा महिने वॉर्डालाच देईन. एम अँड एमला नव्यांनी बसावं जरूर, पण केस मांडायला तोवर सीनियर रेसिडेंटनीच उभं राहावं.