कॅसिनोत पाऊलही न ठेवता १,४२,५०० रुपये हरलो

आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालणाऱ्यांचा वेळ वाचेल. गाड्या भाड्याने देणं हा माझा धंदा नाही. नोकरी करतो, गोव्यात बार्देश तालुक्यात राहतो, दारात एक स्विफ्ट आहे, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. हप्ता ११,८४०, दर महिन्याच्या पाच तारखेला. कामाला मात्र मी स्कूटरनेच जातो, कारण पणजीत गाडी लावायला जागा शोधत फिरण्याएवढं आयुष्य माझ्याकडे शिल्लक नाही. म्हणजे गाडी अंगणात आणि हप्ता डोक्यावर.

गोव्यात भाड्याची गाडी काळ्या पाटीची, पिवळ्या अक्षरांची असते आणि पांढरी पाटी भाड्याने देणं बेकायदा आहे, हे मला ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नाही? आणि सुट्ट्यांच्या दिवसांत आमच्या वाड्यावरच्या किती गाड्या अंगणात दिसतात, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

२०२५ चा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. जोडून शनिवार-रविवार. वाड्यावरचा एक मुलगा चार-पाच स्कूटर भाड्याने देतो, तो म्हणाला, "काका, गाडी अशीच उभी आहे. फॅमिली पार्टी आहे, द्या की." दिवसाला १,८००, तीन दिवसांचे ५,४०० आगाऊ, ५,००० अनामत. त्याचं कमिशन दिवसाला ३००. गुरुवारी संध्याकाळी माणूस आला. बरोबर बायको, चार-पाच वर्षांची मुलगी. मराठी स्वच्छ. माझ्या बायकोला "काकू" म्हणाला, मुलीने आमच्या मांजराला बिस्कीट घातलं. सांगा, अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कसा?

घ्यायचा होता. तीनदा घ्यायचा होता.

पहिली वेळ, त्याने मूळ आरसी मागितली तेव्हा. "चेकिंगला ओरिजिनल मागतात हो, उगाच वाद नको." डिजिलॉकरवरची चालते, मी स्वतः तीच दाखवत आलो आहे. तरी कपाटातून कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं. दुसरी वेळ, रात्री व्हॉट्सअ‍ॅप आला: "हॉटेलच्या पार्किंगसाठी मालकाचं आधार लागतंय." कुठल्या हॉटेलला लागतं? मी जेवत होतो, डाव्या हाताने फोटो पाठवून दिला.

तिसरी वेळ आठवली की अजून झोप उडते. गाडीत मी ३,२०० रुपयांचा ट्रॅकर बसवून घेतला होता, म्हणजे मी काही अगदीच बावळट नव्हतो. शनिवारी सकाळी बघितलं, तर गाडी शुक्रवारी रात्री नऊपासून पहाटे पावणेचारपर्यंत पणजीत जेटीजवळ. मी बायकोला म्हणालो, "मुलीला घेऊन बोटीत गेले असतील." पावणेचारला कुठली बोट फिरवून आणते लेकरांना? मांडवी नदीत रात्रभर उजेड कॅसिनोच्या जहाजांचा असतो हे पुलावरून जाणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं. शनिवारी रात्री परत तेच, आणि पहाटे तीनच्या सुमारास तो ठिपका शहराबाहेर एका जागी जाऊन थांबला. रविवारी तिथेच. सोमवारी दुपारपर्यंत तिथेच.

आणि मी खूश होतो. गाडी फिरत नाही, किलोमीटर वाचतायत, टायर वाचतायत. बायकोला मोबाइल दाखवून म्हणालो, "असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं." लांबून गोवा बघायला आलेला माणूस दीड दिवस गाडी हलवत नाही, याचा अर्थ गाडी त्याच्याकडे नाही. एवढा साधा हिशेब. दहा पैशांची अक्कल लागत होती, तीही लावली नाही.

रविवारी त्याचा फोन आला: "मुलीला ताप आहे, अजून दोन दिवस ठेवतो." लगेच ३,६०० यूपीआयने. मला त्या लेकराची काळजी वाटली. गाडी तोवर गहाण पडली होती आणि तिच्याच पैशातून तो मला तिचंच भाडं देत होता. भाडं वेळेवर येतंय म्हणून निर्धास्त असलेल्यांनी हे वाक्य परत वाचावं.

सोमवारी दुपारी ४.१० ला ठिपका गेला. रेंज नसेल, असं मी ठरवलं. मंगळवारी संध्याकाळी फोन बंद. बुधवारी स्कूटरवरून शेवटच्या ठिकाणी गेलो. पत्र्याचं कुंपण, आत ताडपत्रीखाली अकरा गाड्या. एमएच, केए, जीए. सातवी माझी. ट्रॅकरच्या वायरी तोडून डॅशबोर्डवर गुंडाळून ठेवल्या होत्या.

तिथल्या माणसाने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि फाइल काढली. स्टँप पेपर, नोटरीचा शिक्का, माझ्या आधारची प्रत, माझी मूळ आरसी, आणि फॉर्म २९ व ३०, म्हणजे मालकी बदलायचे कागद, खाली माझी सही. माझी नाही, पण माझ्यासारखी. आम्ही साध्या कागदावर भाड्याचा करार केला होता ना, सहीचा नमुना मीच पुरवला होता. "एक लाख चाळीस हजार दिलेत बाब. दिवसाला चौदाशे व्याज. भरा आणि न्या." सावकारीचा परवाना आहे का, असं विचारायला हवं होतं. ते मला घरी पोचल्यावर सुचलं.

आता सरकारी पाहुणचार ऐका. पहिल्या पोलीस ठाण्यात अडीच तास बसवलं. मग साहेब म्हणाले, "चावी तुम्हीच दिली ना? मग चोरी कशी?" मी म्हटलं, चोरी नाही म्हणत, विश्वासघात म्हणतोय. "ते दिवाणी होतं. आणि गाडी सापडली पत्र्यामागे, ते आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या ठाण्यात गेलो. "गाडी दिली कुठे? घरून? मग तिकडे जा." तिकडूनच आलोय म्हटल्यावर हवालदाराने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच गाडी पळवली होती. तिसऱ्या दिवशी पहिल्या ठाण्यात अर्ज घेतला, आवक शिक्का मारला आणि शहाणपण शिकवलं: "पांढरी पाटी भाड्याने देता, आणि वर तक्रार?" बरोबर आहे. माझी चूक दहा हजारांची, ती दिसली. अकरा गाड्या उघड्यावर उभ्या, त्या दिसल्या नाहीत.

दहा हजार उगाच म्हणत नाही. खोट्या सहीवर गाडी दुसऱ्याच्या नावावर चढू नये म्हणून वाहतूक कार्यालयात हरकतीचा अर्ज द्यायला गेलो आणि प्रामाणिकपणे लिहिलं की गाडी भाड्याने दिली होती. हरकत घेतली की नाही ते आजवर कळलेलं नाही. दंडाची पावती मात्र त्याच दिवशी मिळाली, १०,०००. विमावाल्यांनी फोनवरच हात झटकले: तुम्ही स्वखुशीने दिली, शिवाय भाड्याने. १९३० ला लावला तर तो ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, गाडीसाठी नाही. कॅसिनोच्या जमिनीवरच्या ऑफिसात त्या माणसाचा फोटो घेऊन गेलो. गिऱ्हाइकांची माहिती देत नाही म्हणाले, आणि पुढच्या माणसाच्या मनगटाला पट्टा बांधायला वळले.

आम्हा गोंयकारांना १ फेब्रुवारी २०२० पासून आत जायला बंदी. का, तर आमचे संसार वाचावेत. १९९६ मध्ये कायदा बदलून जहाजांना वाट करून दिली, ती जहाजं मांडवीतून हलवणार हे ऐकत माझी मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. कॅसिनोवरचा जीएसटी २८ टक्के होता, २०२५ च्या सप्टेंबरात ४० झाला. दिल्लीला वाटा, पणजीला वाटा, पत्र्यामागच्या माणसाला दिवसाला चौदाशे. बंदी पाळणाऱ्याची गाडी तेवढी खेळात लागली.

वकील म्हणाले, भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला कलम ३१६ आणि फसवणुकीला ३१८ आहे. हद्दीचं कारण देऊन परत पाठवताच येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ प्रमाणे झीरो एफआयआर घ्यावाच लागतो, नाही घेतला तर लेखी तक्रार थेट पोलीस अधीक्षकांना पाठवा. हे ठाण्यात जायच्या आधी पाठ करून जा, नंतर नाही. वकिलांची फी १५,०००. गाडी कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा हमीवर, सोडवता येईल, असंही ते म्हणाले, पण एफआयआर झाल्यावर, आणि वेळ लागेल.

२७ तारखेला चवथ. गावाला गणपती, त्याच्यावर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीचं सामान, म्हातारी आई. सगळे विचारणार, गाडी कुठाय? मी २५ ला पैसे भरले. हो, भरले. भरू नयेत हे मलाही कळतं, तुम्ही भरू नका. एक लाख तीसवर तुटलं. मुद्दलापेक्षाही दहा हजार कमी घेऊन तो हसत चावी देतो, म्हणजे त्याने त्या माणसाला खरे किती दिले असतील ते देवालाच माहीत. पैसे आणले बायकोच्या दोन बांगड्या ठेवून. सोन्यावर कर्ज देणाऱ्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक पर्यटक तरुण गळ्यातली साखळी काढून देत होता, डोळे तारवटलेले. दुकानातल्या मुलीने आम्हा दोघांना एकाच नजरेने बघितलं.

हिशेब: १,३०,००० अधिक १०,००० अधिक १५,०००. त्यातून मला मिळालेलं भाडं आणि अनामत मिळून १४,०००, वजा कमिशन १,५००. निव्वळ खड्डा १,४२,५००. बांगड्यांचं व्याज धरलेलं नाही. बायको धरते.

द्यायचीच असेल गाडी तर रीतसर पाटी करून द्या. मूळ आरसी कुणालाही नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही. आधारचा फोटो पाठवायची वेळ आलीच तर त्यावर तारीख आणि कारण आडवं लिहून पाठवा. आणि ठिपका थांबला की त्याच तासाला उठा.

गाडी आता अंगणात असते. मागच्या सीटखाली त्या मुलीची गुलाबी क्लिप सापडली. ती त्याची मुलगी होती की तीही भाड्याची, हा विचार अधूनमधून येतो. अर्जावर अजून फक्त आवक शिक्का आहे, नंबर नाही. दिवाळीच्या आठवड्यात वाड्यावरचा तो मुलगा कुंपणाशी आला, "काका, गाडी रिकामी आहे का हो? फॅमिली पार्टी आहे." कमिशनचे १,५०० त्याने अजून परत केलेले नाहीत.